‘उलंगवाडी’ आणि ‘फरदड’: बँडच्या शेवटच्या अल्बमला काय म्हणावं?

बझकॉक्स या मँचेस्टरच्या पंक (वेगवान, छोट्या गाण्यांचं रॉक) बँडवर मराठीत लिहितोय. त्यांचा तिसरा अल्बम, ‘अ डिफरंट काइंड ऑफ टेन्शन’, सप्टेंबर १९७९ मध्ये आला. १९८१ मध्ये बँड फुटला, १९८९ मध्ये पुन्हा जमला आणि पुढचा अल्बम निघाला थेट १९९३ मध्ये. म्हणजे ‘शेवटचा’ लिहावं तर ते खोटं पडतं. दुसरी अडचण, अल्बम एकसारखा नाही. ‘विषम’ म्हटलं की गणित आठवतं. आमच्या यवतमाळकडचा ‘फरदड’ चालेल का?

— फरदड नका म्हनू भाऊ. वेचे, म्हंजे कापूस वेचायच्या फेऱ्या, झाल्यावर त्याच पऱ्हाटीले (कपाशीच्या झाडाले) पुन्हा खत-पानी देऊन जो कापूस काढतात, तो फरदड. धागा आखूड, कमजोर. वरून बोंडअळीले घर. तुमच्या रेकॉर्डात तसं हाये का?

नाही, काका. उलट दुसरी बाजू जोरदार आहे. ती सगळी बँडचा गायक पीट शेलीची, आणि त्यात एक गाणं चक्क ७ मिनिटांचं. पंकमध्ये एवढं लांब गाणं म्हणजे धाडसच, आणि ते मला फार आवडतं. पहिल्या बाजूला गिटारवादक स्टीव्ह डिगलची तीन गाणी आहेत, त्यांतली काही घाईत उरकल्यासारखी वाटतात. दीड वर्षात तिसरा अल्बम होता हा.

— मग ‘कवडी’ पाहा. वेचताना चांगल्या कापसात किडकी, पिवळी बोंडं मिसळली की आपण ‘कवडी आली’ म्हणतो. पांढरा कापूस आहेच, पण कवडी निवडून काढावी लागते. तुमचा अल्बम मला तसा वाटतो.

— आणि ‘शेवटचा’ऐवजी उलंगवाडी लिहा. शब्द स्त्रीलिंगी, कपाशीची उलंगवाडी होते. पऱ्हाट्या उपटल्या, हंगाम सरला, पण वावर कोणी सोडून देत नाही. पाऊस आला की पुन्हा सरकी टोबतातच. फक्त एक सांभाळा: उलंगवाडी १९८१ ची. १९७९ चा तो वेचा.

हे पटलं. वाक्य असं करतो: ‘तिसऱ्या वेच्यात थोडी कवडी आली, आणि दोन वर्षांनी बँडची उलंगवाडी झाली.’ पुण्याच्या वाचकाला ‘वेचा’ कळेल ना?

— पहिल्यांदा ‘कापसाचा वेचा’ लिहा. मग कळेल.