मदत हवी आहे : शेलमधून नावं बदलताना 'दुसऱ्या' असलेल्या अर्ध्या फाइली सुटतात

नमस्कार मंडळी,

हस्तलिखित वह्यांची पानं स्कॅन करून जपून ठेवायचं काम आम्ही काही जण मिळून करतो आहोत. स्कॅन करणारे वेगवेगळे, त्यांची मशीनंही वेगवेगळी. कोणाकडे विंडोज, कोणाकडे मॅक. सगळ्या फाइली शेवटी माझ्या लिनक्स मशीनवर येतात आणि त्यांना एकसारखी नावं द्यायचं काम माझ्याकडे आहे.

येणारी नावं साधारण अशी असतात: 'दुसऱ्या वहीचे पान १२', 'दुसऱ्या वहीचे पान ०१०', 'तिसऱ्या वहीचे पान ७ नवीन'. मला त्यांचं 'वही-०२-पान-०१२' असं रूप हवं आहे. आकडे मात्र इंग्रजी आणि ठरावीक लांबीचे हवेत, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागेल. हाताने करायचं तर रात्ररात्र त्यात जाते, आणि इतकी पानं डोळ्यांखालून गेली की एखादं चुकीच्या वहीत जाणारच. एकदा ते चुकीच्या जागी गेलं की पुढे कोणालाच सापडणार नाही. म्हणून बॅशमध्ये (लिनक्सवर आज्ञा टाइप करून चालवायचं शेल) छोटी स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे.

फाइलनावात मोकळी जागा असते हे लक्षात ठेवून फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'चं आउटपुट लूपमध्ये घातलेलं नाही. थेट ताऱ्याचं चिन्ह वापरून फाइली घेते आणि चल (व्हेरिएबल) दर वेळी दुहेरी अवतरणात ठेवते. तिथे काही अडचण नाही. अडचण पुढे आहे.

'फाइंड'ला 'दुसऱ्या' शब्द असलेल्या फाइली शोधायला सांगितलं की काही सापडतात, काही नाही. न सापडलेल्या उघडून बघितल्या तर नाव अगदी तेच. एका फोल्डरमध्ये तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी दिसताहेत, जे व्हायलाच नको ना? 'तिसऱ्या'चंही तेच. 'पहिल्या' मात्र सगळ्या बरोबर सापडतात.

दुसरं, मराठी आकडे इंग्रजी करायला 'टीआर' वापरलं. आकडे तर बदलले नाहीतच, उलट सगळ्या नावाचाच कचरा झाला, एक अक्षर वाचता येत नाही. (हे फाइलींच्या प्रतींवर करून बघत होते, मूळ फाइली सुरक्षित आहेत.) आकडे हाताने इंग्रजी करून पाहिलं, तर आकडे ठरावीक लांबीत छापणारं 'प्रिंटएफ' सातव्या पानापर्यंत नीट चालतं, पण नावात ०८ किंवा ०९ आलं की चुकीचा आकडा म्हणून तक्रार करतं.

नुसती तयार स्क्रिप्ट नको, हे असं का होतं तेही कळलं तर बरं. फाइली पुढेही येत राहणार आहेत.

प्रतिसाद १

'पहिल्या' सापडतो आणि 'दुसऱ्या' नाही, यातच उत्तर आहे. गडबड त्या 'ऱ्या'मधल्या 'ऱ'ची आहे.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) हा 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१. दुसरा म्हणजे साधा 'र', क्रमांक ०९३०, आणि त्याच्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब), क्रमांक ०९३सी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण लिनक्सच्या दृष्टीने फाइलनाव म्हणजे फक्त बाइट्सची ओळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्यात काहीही चालतं, आणि दोन ओळींत एका बाइटचाही फरक असेल तर ती दोन वेगळी नावं. म्हणूनच तुमच्या फोल्डरमध्ये 'एकाच' नावाच्या दोन फाइली सुखाने राहताहेत.

खात्री करायची असेल तर ती दोन नावं बाइट्स दाखवणाऱ्या 'एक्सएक्सडी'मधून काढून बघा. एकात या अक्षराच्या जागी 'ई० ए४ बी१' असे तीन बाइट दिसतील, दुसऱ्यात 'ई० ए४ बी० ई० ए४ बीसी' असे सहा.

हे मॅकवरून आलेल्या फाइलींत जास्त दिसतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं अशी सुटी करूनच साठवायची. २०१७ साली आलेली एपीएफएस दिलेलं नाव आहे तसं ठेवते, पण जुन्या डिस्कवरून कॉपी होत आलेली नावं सुटीच राहतात.

उपाय : 'कॉनव्हीएमव्ही' नावाचं छोटं साधन आहे. त्याला एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं) रूप मागितलं की सुटे तुकडे जोडून एकच अक्षर करतं. त्यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे ते आपणहून काहीच बदलत नाही. काय बदललं असतं तेवढं दाखवतं. यादी नीट वाचा आणि मगच 'नोटेस्ट' पर्याय देऊन खरोखर चालवा. फक्त ती शेजारीशेजारी दिसणारी जोडी आधी हाताने सोडवा. नावं एकरूप झाली की त्या दोघी एकमेकींवर येणार.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. 'ऱ्या' लिहायची तिसरी पद्धतही आहे : र, हलंत, मग शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक २००डी. काही कीबोर्ड असंच लिहितात. हे रूप एनएफसीने बदलत नाही, कारण युनिकोड त्याला 'ऱ'शी समतुल्य मानतच नाही. तिथे 'सेड'ने (मजकुरात अदलाबदल करणारी आज्ञा) स्वतः अदलाबदल करावी लागेल. विंडोजवरून आलेल्या नावांत हे आधी तपासा.

आता 'टीआर'. जीएनयूचं 'टीआर' अक्षरं बघत नाही, बाइट्स बघतं. यूटीएफ-८मध्ये (युनिकोडची अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, ई०. तुम्ही '०' बदलायला सांगितलंत, त्याने ई० बदलला, म्हणजे नावातलं एकूण एक अक्षर मोडलं. तिथे 'सेड'ची 'वाय' आज्ञा वापरा. तिला अक्षरं कळतात; एका बाजूला दहा मराठी आकडे, दुसऱ्या बाजूला दहा इंग्रजी.

आणि ०८ची तक्रार आली हे तुमचं भाग्यच समजा. बॅशमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो. त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून तो अडतो. पण ०१० दिलात तर तो अडत नाही, गुपचूप ८ असं वाचतो! म्हणजे दहावं पान आठव्याच्या नावाने जाईल. आठवं पान आधीच तिथे असेल, तर नाव बदलणारी 'एमव्ही' आज्ञा काहीही न विचारता ते पुसून टाकेल. त्यामुळे आकडेमोडीत आकड्याच्या आधी इंग्रजी दहा आणि हॅशचं चिन्ह लावा, म्हणजे तो दशमानच धरला जातो. शिवाय 'एमव्ही'ला '-एन' द्या. त्या नावाची फाइल असेल तर ते हात लावत नाही.

पहिल्या फेरीत 'एमव्ही'च्या आधी 'एको' लिहून ठेवा. काहीही न हलता जुनी आणि नवी नावं समोर छापून येतात. ती वाचा. वाचायला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या, पानं दुसऱ्यांदा मिळणारी नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'एक्सएक्सडी'मध्ये ते तीन आणि सहा बाइट समोरासमोर पाहिले आणि सगळा उलगडा झाला. 'कॉनव्हीएमव्ही'ने बहुतेक नावं जुळली, जोडकवाली 'सेड'ने. ०१०चं तर माझ्या ध्यानीमनी नव्हतं. यादीत खरंच दोन वेगळी पानं एकाच नावावर जाताना दिसली, ती आता वेगळी झाली आहेत. ज्या नावांतून वही किंवा पान ओळखता येत नाही ('नवीन', 'परत एकदा' वगैरे), त्यांना स्क्रिप्ट हात लावत नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते, ती मी स्वतः बघते.

आता एकच राहिलं. हीच स्क्रिप्ट रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालावी असं लावलं. टर्मिनलमध्ये नीट चालते, क्रॉनमध्ये मात्र 'सेड' म्हणतं की 'वाय' आज्ञेतल्या दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. दोन्हीकडे दहा-दहाच आकडे आहेत, पुन्हा मोजले.

प्रतिसाद २

तुमचे दहा बरोबर आहेत, पण क्रॉनला ते तीस दिसताहेत. टर्मिनलमध्ये तुमचं लोकेल (भाषा आणि अक्षरपद्धतीची सेटिंग) यूटीएफ-८ असतं. क्रॉन कामं फार मोजक्या वातावरणात चालवतो, तिथे बरेचदा लोकेल साधं 'सी' असतं आणि मग 'सेड'ही बाइट्सच मोजायला लागतं. दहा मराठी आकड्यांचे तीस बाइट, इंग्रजीचे दहाच.

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लोकेल ठरवणाऱ्या 'एलसी_ऑल'ला 'सी.यूटीएफ-८' ही किंमत देऊन निर्यात करा. क्रॉनच्या फाइलमध्ये देण्यापेक्षा स्क्रिप्टमध्ये दिलेलं बरं, उद्या दुसऱ्या कोणी दुसऱ्या मशीनवर चालवली तरी अडणार नाही. क्रॉनमध्ये पाथही (आज्ञा शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, तेव्हा 'कॉनव्हीएमव्ही'चा पूर्ण मार्ग लिहा.

जाता जाता, नवी नावं ठरवताना लांबीकडेही बघा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. 'वही-पान' पुरतं ठीक आहे, पण पानावरच्या मजकुराचं शीर्षकही नावात घालायचा विचार असेल तर ते वेगळ्या यादीत ठेवा.

धागाकर्ती

लोकेल स्क्रिप्टमध्ये घातलं, आज रात्रीची फेरी 'एको' ठेवूनच सोडते आहे. शीर्षकांची वेगळी यादी करायची कल्पना पटली, नावात घालायचा विचार होताच.