परीच्या सिनेमांनंतर आता काय बघायचं?

मदत हवी आहे. २००८ च्या ‘टिंकर बेल’पासूनची डिस्नेची मालिका मुलींसोबत बघून संपली. हरवलेल्या वस्तूंपासून यंत्रं जुळवणारी परी म्हटल्यावर माझ्यासारखा मेंटेनन्सवाला खूशच! २०१२ च्या भागात टिंकला थंडीच्या रानात बहीण सापडते. पण गरम प्रदेशातल्या परीने सीमा ओलांडली की थंडीने पंख जायची भीती. तिथे धाकटी माझा शर्ट मुठीत धरून बसली, मोठी ‘काही होत नाही गं’ म्हणत स्वतःच उशीमागे.

आता रोज लोअर परळहून घरी आलो की ‘बाबा, नवीन परी?’ वय पाच आणि आठ. हिंदी डबिंग हवं, मराठी मिळालं तर उत्तमच. राक्षस-बिक्षस फार नकोत. काय लावू?