अनुभव धागा: आध्यात्मिक वाचनाने तुमचे मन खरोखर शांत झाले का?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आईचा दासबोध खाली आला. पानांचे कोपरे तिच्या तेलकट बोटांनी काळवंडले आहेत आणि तिसऱ्या दशकात खुणेसाठी ठेवलेले एसटीचे तिकीट अजून तिथेच आहे. सहा वर्षांपूर्वी ती गेली, त्यानंतर मला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नसे. त्या दिवसांत मी रोज दोन समास याप्रमाणे हा ग्रंथ वाचून काढला. 20 दशक, 200 समास, म्हणजे बरोबर शंभर दिवस. पहिला महिनाभर अर्थ फारसा उमगला नाही, पण मोठ्याने ओव्या म्हणताना श्वास संथ होत असे, एवढे मात्र नक्की. त्यानंतर तो माळ्यावर का गेला, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आपलेही अनुभव लिहावेत.

प्रतिसाद

शांती मिळावी म्हणून उघडला आणि दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खलक्षणे समोर आली. स्वतःची स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा मूर्ख, असे वाचले तेव्हा आदल्याच संध्याकाळी मी पाहुण्यांना आजोबांची सावकारी रंगवून सांगितली होती. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जरा मोठ्याने वाचा, इकडे ऐकू येत नाही."

प्रतिसाद

वहिनींना माझा नमस्कार सांगावा.

प्रतिसाद

ताई, ते तिकीट नेमके कोणत्या समासात आहे? तिसऱ्या दशकाचा सहावा समास आध्यात्मिक तापाचा आहे. नावावरून काही गूढ असेल असे समजून मी तो वाचायला घेतला, तर समर्थांनी तिथे खरूज, नारू, गोवर अशी शरीराच्या दुखण्यांची भली मोठी जंत्री दिलेली आहे. संधिवाताने मी तेव्हा इतकी चिडचिडी झाले होते की सुना खोलीत यायला कचरत. आपली कुरकुर कुणीतरी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने लिहून ठेवली आहे, हे पाहून हसूच आले आणि त्या दिवशी गुडघ्यांविषयी कुणाजवळ तक्रार करावीशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी केली, हेही प्रामाणिकपणे सांगते.

प्रतिसाद

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. नोकरी गेल्यानंतर मी ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत पुरे करण्याचा हट्ट धरला. नऊ हजारांच्या आसपास ओव्या असल्याने सारे लक्ष पाने उरकण्याकडे राहिले आणि मन अधिकच अस्वस्थ झाले. पुढे डॉक्टरांच्या औषधांनी झोप परतली, तेव्हा बारावा अध्याय रोज पाचच ओव्या घेऊन वाचला आणि तो मनात उतरला. ज्यांना खरोखर उपचारांची गरज आहे, त्यांनी केवळ ग्रंथावर विसंबू नये, असे मला वाटते.

प्रतिसाद

हे कुणीतरी लिहायलाच हवे होते. मी कर्जतहून लोकलने जाताना विनोबांची गीता प्रवचने वाचत असे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ती सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे ठाऊक झाल्यापासून गर्दीत दाराशी उभे राहून वाचण्याचे काही वाटेनासे झाले. ऐकणारे कैदी होते, त्यामुळे भाषा किती सोपी आहे पाहा.

प्रतिसाद

मोठ्या टाइपातली दासबोधाची प्रत कुठे मिळेल? आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे.

धागाकर्ती

धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मोठ्या अक्षरांची प्रत म्हणून मागावी, सहसा मिळते. तिकिटाविषयी विचारणाऱ्या ताईंना सांगते, आत्ता उघडून पाहिले: सहाव्याच समासात आहे. आईचे गुडघेही शेवटची काही वर्षे फार दुखत असत. तिकीट होते तिथेच राहू दिले आहे आणि माझ्या वाचनाची खूण म्हणून लोकरीचा धागा घातला आहे.