टाळू खोल गेलीय, तेल घालू की नको? लवकर सांगा

चिऊची_आई: बाळाची टाळू कालपासून आत गेल्यासारखी दिसतेय. सासूबाई म्हणतात, बाळंतपणात टाळू नीट भरली नाही, आता तरी तेल घाल. आई म्हणते, हातच लावू नकोस. बाळ आत्ता झोपलंय, तेवढ्यात कुणीतरी सांगा.

रानवाट: वय काय बाळाचं?

कोल्हापुरी_काकू: खोबरेल कोमट करून टाळूवर थाप रोज. माझ्या तिन्ही पोरांची अशीच भरली. हल्ली तेल म्हटलं की नाकं मुरडतात.

रात्रपाळी: काकू, राग मानू नका, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून बोलते. तेलाने टाळू भरत नाही. जन्मताना कवटीची हाडं सुटी असतात, मध्ये चिवट पडदा असतो. त्यामुळे डोकं दबून बाहेर येतं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची बहुतेकांची 12 ते 18 महिन्यांत, काहींची दोन वर्षांपर्यंत. हलक्या हाताने तेल लावलं, न्हाऊ घातलं तर काही बिघडत नाही. टाळू उडते, तेही नॉर्मल.

कोल्हापुरी_काकू: मग आमच्या आज्या काय उगाच तेल घालत होत्या?

चिऊची_आई: 8 महिन्यांची आहे.

दोन_जुळी: माझ्या एकाची 10व्या महिन्यात मिटली, दुसऱ्याची 19व्या. डॉक्टर दर वेळी टेपने डोक्याचा घेर मोजायचे, तो नीट वाढतोय ना, मग टाळूचं टेन्शन नको म्हणायचे. ड जीवनसत्त्वाचे थेंब देता का? रोज 400 युनिट. मुडदूस असेल तर टाळू उशिरा भरते.

सातारकर: डोकं गोल व्हायला मोहरीची उशी द्या. आमच्याकडे फार फरक पडला.

रानवाट: आकाराचं कुणी विचारलंय? आणि वर्षाच्या आत झोपताना उशी नकोच. ताई, "कालपासून" म्हणालात. काल काय झालं?

चिऊची_आई: काही नाही हो. दात येताहेत म्हणून दोन दिवस जुलाब आहेत, सात-आठ वेळा. काल दोनदा ओकली.

रात्रपाळी: हे आधी सांगायचं ना! दातांमुळे एवढे जुलाब होत नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते. शू कधी केली? रडताना डोळ्यांत पाणी येतं का?

चिऊची_आई: सकाळपासून डायपर कोरडाच आहे. मला वाटलं उन्हामुळे.

रात्रपाळी: उठवा तिला आणि आत्ताच दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. वाटेत अंगावर पाजत राहा. घरात ओआरएसची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून चमचा-चमचा द्या. टेट्रापॅकमधलं गोड पेय नको.

कोल्हापुरी_काकू: जा बाई आधी. तेलाचं राहू दे.

सातारकर: मोहरीची नको तर राळ्याची चालेल का?

चिऊची_आई: दाखल केलंय. सलाईन लावलं. रात्री 9 ला शू केली, मी रडलेच. उद्या सोडतील, ओआरएस चालूच ठेवायचंय आणि झिंक 14 दिवस. सासूबाई शेजारीच बसल्यात. विचारताहेत, टाळू वर आली का ते बोटाने बघितलं तर चालेल का?

रात्रपाळी: चालेल. ती शांत असताना, मांडीवर उभं धरून, अलगद. रडताना फुगते, तेव्हा बघू नका.