मिस्ट ५ : नट गेले, पण पाटी आली

दादा, मिस्ट या कोडी सोडवायच्या संगणक-खेळांच्या मालिकेबद्दल 'आधीच्या भागांतले खरे नट काढले तिथेच मिस्टचा पाचवा भाग संपला' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. नट पूर्ण गेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यांचं चित्रण थ्रीडी पुतळ्यांवर चढवलं होतं. दिसतं विचित्र, मान्य. पण एशर या पात्राला डेव्हिड ऑग्डेन स्टायर्स या अमेरिकन नटाचा आवाज आहे. तो इतकं समजावून, गोड बोलतो की संशय यायलाच हवा!

माझ्या मते खरी गंमत पाटीची. पाटीवर माउसने खूण गिरवायची, ती खाली ठेवायची, मग बाहरो नावाचे खेळातले प्राणी येऊन वाचतात आणि त्याप्रमाणे करतात. रेघ जरा वाकडी गेली की ते ढिम्म. यावर चिडणारे खूप, पण दारं-खटके फिरवण्यापेक्षा कुणाला तरी काही सांगून करवून घेणं ही मालिकेत नवी गोष्ट होती. शेवटही त्या पाटीवरच आहे : ती कुणाला द्यायची, यीशा या दुसऱ्या पात्राला, एशरला की तिसऱ्याच कुणाला? न खेळलेल्यांसाठी इथेच थांबतो.

आणि २००५ साली आमच्या इंदुरात, रामबागेतल्या घरोघरच्या पीसींवर हा भाग रखडायचा, त्यालाही कारण होतं. आधीच्या चार मुख्य भागांत देखावे आधीच रंगवून ठेवलेले; इथे सगळं त्याच क्षणी तयार व्हायचं, म्हणजे बरं ग्राफिक्स कार्ड हवंच. रिव्हन या दुसऱ्या भागाइतका देखणा तो नाहीच. पण चौथ्या भागापेक्षा मी याला वर ठेवीन, कारण हा पाचवा भाग पुन्हा सायनच्याच, म्हणजे मिस्टच्या मूळ कंपनीच्या, हातचा होता.