नंबर गेला, त्यानंतरचं सांगा

तर्रीपोहे:
भाचीचं लग्न ठरलंय आणि तिला त्याआधी लेझर ऑपरेशननं चष्मा घालवायचाय. दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर पाच मिनिटं भेटले, पॅकेज समजावणाऱ्या ताई पाऊण तास. घरी येऊन संमतीपत्र वाचलं, तर चार पानं धोकेच धोके. त्यातलं तुमच्या वाट्याला काय आलं? 'मस्त झालं' हे एका ओळीत चालेल, त्रास मात्र सविस्तर लिहा. दवाखान्याचं नाव नको.

संत्राबर्फी:
स्माइल (बारीक छेदातून होणारं लेझर) केलं, चार वर्षं झाली, मस्त. झाली एक ओळ.

कुलरवाली:
लॅसिक, २०१६, तेही एप्रिलमध्ये! त्यात कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा पातळ थर झाकणासारखा कापून उचलतात, तो फ्लॅप. तो कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात, त्या भरून येईपर्यंत डोळ्याला आपण कोरडे पडलोय हेच कळत नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पारा ४५ वर आणि मला लहानपणापासून कुलरचा झोत तोंडावर घेऊन झोपायची सवय. पहाटे पापणी उघडायची तर आतून सोलल्यासारखं व्हायचं. बहुतेकांचं सहा महिन्यांत ओसरतं म्हणे, माझं दीड वर्ष चाललं. अजूनही मे महिन्यात पर्समध्ये थेंबांच्या छोट्या कुप्या असतात. नंबर शून्य आहे, हे खरं. पण रात्री वर्धा रोडवर गाडी चालवत नाही. समोरच्या ट्रकच्या दिव्यांना अशी कडी दिसतात की दोन दिव्यांचे आठ होतात. अंधारात माझी बाहुली फार मोठी होते, हे आधी मोजलं होतं की नाही, देव जाणे.

बर्डीचा पोट्टा:
माह्यं ऐका ना जी. ऑपरेशनले आठ महिने झाले होते, सगळं चकाचक दिसून राहिलं होतं. धुळवडीले गल्लीतल्या पोट्ट्यानं पाण्याचा फुगा हाणला तो सरळ डोयावर. मले वाटलं रंग गेला. संध्याकाळपावेतो धुरकटच. दवाखान्यात पाह्यलं तं फ्लॅप सरकून त्याले घडी पडलेली! त्याच रात्री उचलून, धुऊन परत बसवला अन् वर पट्टीसारखी लेन्स लावली. फ्लॅप पहिल्यासारखा पक्का चिकटतच नाही म्हणे, हे काहून नाही सांगितलं आधी? कबड्डी खेळणाऱ्याले पीआरके बरं, ते लेझर वरूनच मारते, त्यात फ्लॅपच नसते. दुखते मात्र तीन-चार दिवस.

मोठा भाऊ:
हे धाकट्याचं. २००९ साली लॅसिक, तीन वर्षं उत्तम. मग नंबर परतला, सोबत सिलिंड्रिकल, आणि अक्षरांना सावल्या. आम्ही दोन चष्मे बदलले, दोष चष्मेवाल्याला दिला. निघालं एक्टेशिया: कॉर्निया पातळ पडून पुढे फुगत चाललेला. जुनी फाइल काढली. कॉर्नियाची जाडी ४८० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. नंबर सहा, म्हणजे लेझरनं घासले सुमारे ८०, फ्लॅपचे १६० धरले तर मागे २४० उरले. निदान २५० तरी उरायला हवेत असा जुना दंडक आहे, हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक! शिवाय तो लहानपणापासून डोळे चोळायचा, ते कुणी विचारलंही नव्हतं. सीथ्रीआर केलं: ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील प्रकाश. फुगणं थांबलं, पण गेलेली नजर त्यानं परत येत नाही. आता मोठी कडक लेन्स घालतो, तीही रोज सकाळी काचेसमोर दहा मिनिटं झटून. चष्मा घालवायला गेला होता. तर्रीताई, भाचीच्या टोपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशाचा, रंगीत कागद मागून घ्या. जाडी पुरेशी असूनही आकार बिघडलेला असू शकतो.

निवृत्त मास्तर:
आमच्या सौ.चे लॅसिक २००३ चे. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागला तेव्हा रुसल्या होत्या, तो लेझरने टळत नाही. खरी पंचाईत मोतीबिंदूच्या वेळी. कॉर्नियाचा आकार बदललेला असल्याने नेहमीचे गणित डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर चुकवते. जुने कागद घर रंगवताना रद्दीत गेलेले. परिणामी प्लस सव्वा राहिला. डोळ्याचा दाबही यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे काचबिंदू तपासताना लॅसिक झाल्याचे आपण होऊन सांगावे लागते.

तर्रीपोहे:
मास्तर, फाइलचे फोटो आत्ताच मेलवर टाकले. मोठा भाऊ, कागद मागितला. जाडी ५०२, उजव्या डोळ्यात खालच्या बाजूला लाल ठिपका, म्हणजे तिथं उभार जास्त. डॉक्टर म्हणाले, ती कॉन्टॅक्ट लेन्स थेट काढून आली होती, त्यानंही आकार बदलतो. दोन आठवडे लेन्स बंद, मग परत तपासू. लग्न दहा दिवसांवर. चष्म्यावर मुंडावळ्या कशा बसतील, हा प्रश्न आता वहिनीनं काढलाय.