नव्या सामुदायिक रेडिओ केंद्राचे तास आणि माणसे यांचा मेळ कसा घालावा?

मुठाकाठ : पुण्यातील एका शैक्षणिक संस्थेने अलीकडेच सुरू केलेल्या सामुदायिक रेडिओ केंद्रात मी कार्यक्रमनिर्मितीचे काम पाहतो. सकाळी ६ ते रात्री १० असे प्रसारण पहिल्याच दिवशी जाहीर झाले, मात्र पगारी माणसे दोनच असून बाकी सारी भिस्त विद्यार्थ्यांवर आहे. सत्रपरीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी येईनासे होतात आणि संगणकावर लावून ठेवलेली यादीच दिवसभर वाजत राहते. पावसाळ्यात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढून मुठा नदीवरचा भिडे पूल वाहतुकीसाठी बंद झाला, तेव्हा आमच्याकडे भावगीते चालू होती, कारण माइकसमोर बसायला कोणीच नव्हते. पूल खुला झाल्यावर मात्र ‘पूल बंद आहे’ ही आधी ध्वनिमुद्रित केलेली सूचना पुनःप्रसारणात गेली. ज्या नदीकाठच्या वस्त्यांसाठी हे केंद्र काढले, त्यांचीच दिशाभूल व्हावी याचे मला फार वाईट वाटते. तास कमी केल्यास केंद्राची पत जाईल, असे व्यवस्थापन समितीचे म्हणणे आहे. तिला काय सांगावे?

जुना निवेदक : आकाशवाणीवर मी नैमित्तिक निवेदक होतो. तिथे दिवस सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा सभांमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांमध्ये, विभागलेला असे. प्रत्येक सभेला निवेदक ठरलेला असे आणि ड्यूटी ऑफिसर प्रसारण ऐकून चुकांची नोंद करत असे. तुमच्याकडे ही ऐकणारी व्यक्तीच नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांशी आधी बोलणे, ध्वनिमुद्रण, संपादन आणि शेवटी तो पूर्ण ऐकून तपासणे यांत दिवस सहज जातो. दोन माणसांकडून सोळा तास भरून निघणे शक्यच नाही. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास थेट प्रसारण ठेवावे, उरलेला वेळ बंद ठेवावा आणि परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवूनच ड्यूटी चार्ट करावा. तात्कालिक सूचनेच्या क्यू शीटवर, म्हणजे काय केव्हा वाजवायचे याच्या कागदावर, ती सूचना कधी बाद होणार हेही लिहावे.

लोकध्वनी : तास कमी करण्याशी मी सहमत आहे, परंतु दुपार पूर्ण बंद ठेवू नये, कारण घरकाम आटोपून रेडिओ लावणाऱ्या बायका त्याच वेळी ऐकतात. तिथे तपासलेले पुनःप्रसारण चालेल. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावेत, अशी सरकारच्या सामुदायिक रेडिओ धोरणाची अपेक्षा आहेच. मग त्याच वस्तीतील महिलांना शिकवून मानधनावर का घेऊ नये? त्यांना परीक्षांची अडचण नसते. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातींना तासाला १२ मिनिटे मिळतात, पूर्वी ती ७ होती. स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींतून मानधनाचा काही भाग निघू शकेल. बातम्यांवर निर्बंध असले तरी वाहतूक, हवामान, पाणी, वीज आणि आपत्तीविषयीच्या स्थानिक प्रशासनाच्या सूचना देता येतात, म्हणून पावसाळ्यात राखीव निवेदकाची पाळी स्वतंत्रपणे लावावी.

मुठाकाठ : दोघांचेही आभार. चार तास थेट आणि दुपारी तपासलेले पुनःप्रसारण असा तक्ता मी समितीपुढे ठेवतो. त्यात प्रत्येक पाळीसमोर निवेदकाचे आणि राखीव व्यक्तीचे नाव असेल. ज्या पाळीला नाव मिळणार नाही, ती वेळापत्रकातून वगळावी, असा माझा आग्रह राहील.